यानबुवा उभे राहतात

कीर्तनात सगळ्यात अवघड काम बुवांचं, असं लोक धरून चालतात. माझ्या मते ते श्रोत्याचं. बुवांना निदान झोप तरी येत नाही.

एक्याऐंशी सालच्या वैशाखात आमच्या तांबट आळीतल्या विठोबाच्या देवळात सप्ताह बसला, तेव्हा श्रोत्यांची तब्येत फार नाजूक होती. टाळकरी होते, मृदंग होता, सिन्नरचे जयरामबुवा होते. आणि समोर मी, शकुबाई, दोन पेन्शनर आणि सावलीला आलेली एक शेळी. शेळी मात्र रोज शेवटपर्यंत थांबायची.

सप्ताह चालवायचा शकुबाईचा नवरा, सावळीराम तांबट. बंब, घंगाळं, हंडे ठोकण्यात त्याचं आयुष्य गेलं. स्टील आलं, तांबं मागं पडलं, तरी त्यानं तोंड पाडलं नाही. "लोकांनी अंघोळी थोड्याच सोडल्यात?" म्हणायचा. त्याला घोर एकच होता, सप्ताहाचा. त्याचा भाचा लहानू आळीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि आळीत सफारी घालणारा पहिला माणूस. त्यानं बैठकीत रोखठोक सांगून टाकलं होतं, "मामा, काल्याच्या दिवशी आवार भरलं तर बुवांना नारळ. नाय भरलं तर पुढच्या साली ऑर्केस्ट्रा."

नोकरीत नारळ मिळतो तो वेगळा. आमच्याकडे बुवांना नारळ दिला की पुढच्या वर्षीचं कीर्तन पक्कं झालं. तो नारळ सावळीरामनं आधीच आणून देवाच्या पायाशी ठेवला होता, आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडे असा बघायचा, जसा काही तोच फुटून जाईल.

सातव्या दिवशी आळीच्या तोंडाशी बस थांबली. कॉलेजानं उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांचा वर्ग काढला होता आणि त्यांना जुनी कला, जुने कारखाने दाखवत फिरवत होते. आदल्या दिवशी मनमाडला रेल्वेचं वर्कशॉप झालं, आज आम्ही. पुढे चांदोरकर मॅडम, मागे उन्हानं टोमॅटोसारखी झालेली पोरंपोरी. मी बंबाची तोटी बसवून घ्यायला सावळीरामच्या दुकानात बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "सावळीराम, तुमचा हा धंदा म्हणजे आपला औद्योगिक वारसा आहे बरं का."

शकुबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "वारसा म्हणजे मेल्यावर लागतो तो ना हो बाई? आमचे हे तर अजून ठोकतायत."

मॅडम हसल्या की खोकल्या, कळलं नाही. तेवढ्यात एक ताडमाड गोरा पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार महोदय. माझे नाव यान. मी चेकोस्लोव्हाकिया देशाचा रहिवासी आहे."

"अगं बाई!" शकुबाई म्हणाली. "हा तर पंचांगासारखा बोलतो!"

यान त्याच्या देशात पुस्तकावरून मराठी शिकला होता. त्यानं बंबाला हात लावला. "हा बंब? आग लागल्यावर हाच धावतो काय?"

"हा नाही धावत बाबा," सावळीराम म्हणाला. "याच्या पोटातच आग असते. वर पाणी तापतं. अंघोळीचा बंब हा."

यान इतका खूश झाला की त्यानं बंबाला दोन्ही हातांनी कवटाळलं. मग देवळाकडे बोट करून विचारलं, "तेथे मांडव कशाचा?"

"उद्या काल्याचं कीर्तन. या सगळे."

"मला बसावयास जागा मिळेल का?"

आता इथं सावळीरामनं खरं सांगायला हवं होतं, की शेळीच्या शेजारी वाटेल तेवढी जागा आहे. पण परक्या माणसासमोर आळीची लाज कशी काढायची? तो छाती काढून म्हणाला, "जागा? मुंगी शिरायची नाही!"

"हरकत नाही," यान म्हणाला. "मग मी उद्या कीर्तनाला उभा राहीन."

सावळीरामच्या हातातला हातोडा वरच्या वर थांबला. शेजारच्या दुकानातला ठोकाही थांबला. आपल्याकडे कीर्तनाला उभा राहतो तो बुवा. बाकीचे बसतात. हे त्या पुस्तकात छापलेलं नसावं.

"तू… उभा राहणार? कीर्तनाला?"

"होय. आमच्या नगरात संगीत असते तेव्हा मी नेहमी उभाच राहतो. कधी कधी तीन तास."

"तीन तास!"

"आणि उभे राहिले की पैसे पडत नाहीत," यान समाधानानं म्हणाला.

सावळीराम माझ्याकडे वळून कुजबुजला, "ऐकलंत? बिदागीसुद्धा घेत नाही." त्याचे डोळे भरून आले होते. शंका मलाही आली नाही, हे कबूल करतो. बाहेरदेशी हरिनाम पोचलंय, एवढ्याच आनंदात मी तोटी न बसवताच बंब घरी नेला.

बस वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत बातमी तिच्या पुढे गेली. शकुबाई संध्याकाळी पंचवटीच्या बाजारात मेथी घ्यायला गेली आणि मेथी न घेता आली. पण तिथल्या प्रत्येक भाजीवालीला ठाऊक झालं, की उद्या तांबट आळीत एक गोरा बुवा उभा राहणार, त्याला शास्त्र येतं, आणि तो तीन तास पाण्याचा थेंब घेत नाही.

प्रश्न राहिला जयरामबुवांचा. सावळीराम त्यांच्यापुढे जाऊन नुसता पंच्याशी चाळा करत बसला. शेवटी बुवाच म्हणाले, "मला कळलंय रे. माझ्या आधी उभा राहू दे पाहुण्याला. देव काही पळून जात नाही." मग थोडं थांबून, "अभंग कोणता घेतलाय त्यानं?"

"विचारलं नाही, बुवा."

"विचारायचंस तरी," बुवा म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना लागलं होतं. पण माणूस मोठा.

सकाळी आवार भरलं. नुसतं भरलं नाही, उतू गेलं. देवळाच्या पायऱ्यांवर, समोरच्या ओट्यांवर, पत्र्यांवर माणसं. शेळीला बाहेर काढावं लागलं. सावळीराम लहानूकडे बघत होता आणि लहानू सगळीकडे बघत होता, फक्त सावळीरामकडे सोडून.

यान सोबत्यांना घेऊन आला. मुंगी शिरायची नाही हे खरंच होतं. तो समाधानानं मान हलवून मागच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"बुवा आले! वाट द्या, वाट द्या!"

क्षणात वाट झाली. त्याला हाताला धरून मध्ये आणलं. कुणी बुक्का लावला, कुणी हार घातला, शकुबाईनं खांद्यावर उपरणं टाकलं. गळ्यात वीणा आली. मृदंगावर थाप पडली, टाळ उठले आणि एकदम थांबले. सगळं आवार त्या गोऱ्या तोंडाकडे बघायला लागलं.

यान म्हणाला, "धन्यवाद."

"रामकृष्ण हरी!" लोक गरजले.

"मला वाटते काही चूक झाली आहे. मी उभा राहणार, म्हणजे बसणार नाही. ऐकण्यासाठी उभा. कीर्तन मला येत नाही."

मग हंड्यांची उतरंड कोसळावी तसं हसू कोसळलं. पत्र्यावरचे खाली येतात की काय, अशी भीती वाटली. चांदोरकर मॅडम वहीनं तोंड झाकून हसत होत्या. हसला नाही तो सावळीराम. त्याचा चेहरा कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा झाला.

लहानू ओट्यावर चढला. "मामा, चांगलं फसवलंत की गावाला! चला रे, उठा. खेळ खलास."

मागची माणसं उठायला लागली. चपला शोधायचा आवाज आला. कीर्तनाच्या आधी तो आवाज ज्यानं ऐकलाय, त्यालाच त्याचं दुःख कळेल.

तेवढ्यात जयरामबुवा उठले. यानजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "का रे बाबा, तू खरंच तीन तास उभा राहणार होतास?"

"होय."

"कुणाचं ऐकायला?"

"आपले."

बुवा लोकांकडे वळले. "ऐकलंत? माझं ऐकायला तीन तास उभं राहायची तयारी असलेला माणूस मला जन्मात आज भेटला. तुम्ही बसल्याजागी घोरता! या सप्ताहात माझ्याकडे टक लावून कोण बघत होतं माहितेय? एक शेळी. आज तीही हाकलली तुम्ही!"

पुन्हा हसू झालं, पण आता माणसं खाली बसताना. चप्पल हातात घेतलेला एक जण ती मांडीखाली घेऊन बसला.

बुवांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली, पण यानला सोडलं नाही. कीर्तन सुरू झालं आणि मध्येच ते थांबून त्याला विचारू लागले. "तुझ्या गावात काय करतात रे?"

"पूर्वी घंटा ओतत. माझे आजोबाही ओतत."

"वा! आणि आता?"

"आता ते संग्रहालय आहे. घंटा काचेत ठेवल्या आहेत."

"वाजवत नाहीत?"

"नाही. हात लावू नये, अशी पाटी आहे."

आवारात अर्धे लोक तांबट. कुणी हसलं नाही. मग बुवांनी टाळकऱ्यांकडे वळून नुसता हात वर केला, आणि टाळ असे वाजले की भिंतीवरची कबुतरं उडाली. यानच्या हातात कुणीतरी एक जोडी दिली. त्याचा ठेका चुकत होता, सारखा चुकत होता. पण बुवांनी त्याला थांबवलं नाही. पुढचे दोन तास कुणी उठलं नाही, आणि मी जागा होतो.

काल्याची हंडी फुटली, दहीलाह्या वाटल्या. प्रसादाच्या रांगेत लहानू मामाजवळ आला.

"ही गर्दी धरता येणार नाय, मामा. ही गोऱ्याला बघायला आली होती."

"आली असेल," सावळीराम म्हणाला. "मग त्याला येत नाही हे कळल्यावर बसली कशाला?"

लहानू रांगेतल्या पोरांना सरळ उभं करू लागला.

"आणि तू कशाला बसलास?"

"मी… मी मंडळाचा अध्यक्ष. बंदोबस्त नको बघायला?"

"टाळ घेऊन बंदोबस्त?" शकुबाई म्हणाली. "पहिल्या रांगेत मान डोलवत होतास मेल्या. सगळ्या बायकांनी बघितलंय."

लहानूचे कान तांब्यासारखे लाल झाले. सावळीराम देवाच्या पायाशी गेला, नारळ उचलला आणि भाच्याच्या हातात दिला.

लहानूनं नारळ कानाशी हलवून बघितला. मग बुवांपुढे जाऊन म्हणाला, "पुढच्या साली यायचं, बुवा," आणि पायाला हात लावायला वाकला. बुवांनी त्याला वर ओढून मिठी मारली. बुवा काल्यात कोपरापर्यंत दह्यानं माखलेले. लहानूच्या नव्या सफारीवर पाठीवर दोन पंजे उमटले, बोटांसकट.

"अहो बुवा, ड्रायक्लीनची आहे ही!"

"होऊ दे," बुवा म्हणाले. "माझं उपरणं घे."

उपरणं त्यानं घेतलं नाही. घर दोन पावलांवर होतं, तरी बदलायलाही गेला नाही. पंगतीत वाढायला तोच होता, पुरणपोळीचं ताट घेऊन आळीभर फिरला, आणि पाठीवर माशी बसली की कुणालातरी म्हणायचा, "हाण रे, पण जपून. पुसू नको."