हळद लावलेली जीप

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय. देवाची शपथ आमच्यात घेत न्हाईत, म्हनून माझ्या या दोन डोळ्यांची घेते. त्यातला एक मोतीबिंदूचा हाय, तरी दोन्ही धरा. गावात म्हनत्यात, ताईबाईनं नदीला पूर आला म्हनून सांगितलं तर आधी काठावर जाऊन पाय बुडवून बघावा. म्हनू द्या.

वडगाव रासाईच्या खाली, भीमेच्या काठाला आमची वस्ती. वस्तीपासनं डांबरी तीन किलोमीटर, आन् मधी समदी काळी माती. उन्हाळ्यात ती दगडावानी असती. पाऊस पडला की पायातली चप्पल काढून घेती, आन् परत देत न्हाई.

माझा नातू महेंद्र सणसवाडीला एका कंपनीत फिटर हुता. प्रेसमधी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदारानं हातावर काय ठेवायचं ते ठेवलं आन् गेटवरनं नाव खोडलं. मग तो आन् त्याची बायको गौतमी खोली सोडून वस्तीवर आली. तवापासनं महेंद्रचा उजवा हात खिशात. जेवताना खिशात, झोपताना उशीखाली. आठ म्हयने मला त्या हाताचं तोंड दिसलं न्हाई. पोरगं दिसभर बाजंवर बसून भिताडाकडं बघायचं. एकदा मी भिताडालाच इचारलं, बाई, तुझ्यात हाय तरी काय एवढं? तेबी बोललं न्हाई.

गौतमी निमोण्याची. ती रडत बसनाऱ्यातली न्हवं. काठाच्या चार वस्त्यांचं दूध पाऊस लागला की घरातच नासतं, कारन डेअरीचा पिकअप चिखलात शिरत न्हाई. ही थेट डेअरीच्या चेअरमनकडं गेली, भिमाजी आप्पांकडं. मी संगं हुते.

"आप्पा, काठाचा रूट मला द्या."

"आन् दूध आनशील कशात बाई? परातीत?"

"चारी चाकं ओढनारी जीप घेते."

"चालवनार कोन?"

"मीच. ह्यांनी शिकवलंय."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हनले, "घे तर. पाऊस पडून गेला की लागोपाठ तीन दिस, सकाळी सातच्या आत दूध हितं उतरव. एक दिस चुकला तर रूट कोंडिबाच्या ट्रॅक्टरला."

म्हंजी असं हुतं बगा. रूट मिळाला तर दोघं वस्तीवर राहनार. न्हाई मिळाला तर गौतमी एकली सणसवाडीला कंपनीत लाईनीवर उभी राहायला जानार, आन् महेंद्र हितं भिताडासंगं.

जीप दौंडला बघायची ठरली. रेल्वेच्या रुळापलीकडं विक्रमशेठ नावाच्या मानसाचं जुन्या गाड्यांचं कुंपन हुतं. निघताना महेंद्र म्हनला, "आजी, तू चल. समोरचा खोटं बोलतोय का, हे तुझ्याइतकं कुनाला कळत न्हाई." असला मान मला उभ्या जन्मात कुनी दिला न्हवता. मी ठेवनीतलं लुगडं नेसले.

विक्रमशेठचं बोलनं म्हंजी गूळ. म्हनला, "आजी, ही एका इंजिन ड्रायव्हरची गाडी. रेल्वेतला मानूस. ड्युटीवरनं आला की आधी हिला पुसायचा, मग स्वतः आंघोळ करायचा. बायको रुसायची. रिटायर होऊन गावाला निघाला तवा हिच्या बॉनेटला मिठी मारून रडला. माझी आई मेली तरी खोटं बोलनार न्हाई."

मी ऐकत ऱ्हायले. काय सांगत हुता. आंघोळीचा तुकडा तर माझ्याच्यानं जमला नसता.

हिरवीगार रंगवलेली जीप. महेंद्र तिच्याभोवती फिरला आन् बॉनेटपाशी थांबला. शेठनं इंजिन चालू केलं. आन् महेंद्रनं हात ठेवला बॉनेटवर, इंजिनाचा ठोका बघायला. उजवा हात.

विक्रमशेठ म्हनला, "हा चारी चाकांचा दांडा. आजी, तुमीच ओढून बगा."

मी चढले, दांडा धरला, ओढला. खट झालं. मला पटलं. गौतमीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

महेंद्रच्या तीन बोटांचं जे काय आलं हुतं, ते समदं त्या जीपमधी गेलं.

जीप वस्तीवर येऊस्तवर दोनदा वाफ सोडून उभी ऱ्हायली. दुसऱ्या दिवशी महेंद्रनं रेडिएटरचा नळ खोलला तर पिवळंजर्द पानी. मी बोट लावून चाखलं. हळद. गळती दिसू नये म्हनून त्या मानसानं आत हळद वतली हुती. मी म्हनलं, "बरं झालं. नवरी हळद लावूनच धाडली."

गौतमी हसली न्हाई.

एकेक निघत गेलं. पायाखालची मॅट उचलली तर पत्राच न्हाई, खालची कोंबडी वर बघती हाय. हिरव्या रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली वर्तमानपत्र. मागच्या गिअरच्या पेटीत आवाज दाबायला लाकडाचा भुसा. इंजिनाला हवा जाती त्या डब्यात कोंबडीनं घर केलं हुतं. बारा अंडी निघाली. महेंद्र म्हनतो तीन पिसं निघाली. त्याचं त्यानं बघावं. इंजिन ड्रायव्हरच्या मिठीतनं सुटलेली गाडी कुनाच्या तरी उसाच्या बांधावर खुराडं होऊन पडली हुती, एवढं खरं.

पन महेंद्र भिताडाकडनं उठला हुता. सकाळी उजाडलं की गाडीखाली. डाव्या हातानं पाना धरायचा, उजवा पुरत न्हवता. मग मी गाडीखाली. या वयात, चिखलात पाठ टेकून. त्याची तीन बोटं म्हंजी मी. बारा-तेराचा पाना कंचा, सोळा-सतराचा कंचा, हे मी चार दिसात शिकले. ब्रेकचं सामान त्यानं शिरूरच्या भंगारातनं हुडकून आनलं. पत्रा बदलला. हळद धुऊन रेडिएटर झाळून घेतला.

एकदा बोल्ट आवळताना म्हनला, "आजी, बसला का गं?"

"बसला."

"न बघता कसं कळतं तुला?"

"अरं, उमर विहिरीवर गेली माझी. बादली भरली का रिकामी, ते काय वाकून बघायचं असतं व्हय? दोर हाताला सांगतो."

तो हसला. आठ म्हयन्यांनी.

त्याच दुपारी तो दांड्याच्या खाली पोचला. पाना खाली ठेवला. मग म्हनला, "गौतमीला बोलव."

इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडं न्हेनारी एक लोखंडाची पेटी असती. ती आतनं मोकळी हुती. चक्रं काढून इकलेली. दांड्याचं खालचं टोक तारेनं बांधलेलं, आन् खट आवाज यावा म्हनून तिथं दाराची खिट्टी ठोकलेली. चारी चाकांची जीप म्हनून आमी घेतली ती दोन चाकांवर चालत हुती.

गौतमी वाकली, बघितलं, उठली. पदराला हात पुसले. म्हनली, "चला दौंडला."

विक्रमशेठ चहा पीत हुता. आमालाबी सांगितला. गौतमी म्हनली, "चहा नको. आतली चक्रं द्या."

"ताई, जशी हाय तशी घेतली तुमी. मी काय लपवलं? आजीनं स्वतः दांडा वढून बघितला. इचारा की आजीला."

मी तोंड उघडलं. माझ्याकडं कवाबी गोष्ट तयार असती. त्या दिवशी एक न्हवती.

येताना यष्टीत गौतमी खिडकीकडं बघत हुती. म्हनली, "आजी, आमी तुमच्या भरवशावर ऱ्हायलो. तुमी व्हय म्हनलात."

ती मला अहोजाहो करती, नातसून हाय. शिवी दिली असती तर हलकं वाटलं असतं.

महेंद्रनं दौंड पालथं घातलं, शिरूर पालथं घातलं. तसली चक्रं मिळंनात, आन् मिळाली असती तरी घ्यायची कशानं? तेवढ्यात परतीचा पाऊस लागला. आप्पांचा निरोप आला, उद्यापासनं तीन दिस.

पैल्या दिवशी गौतमीनं जीप बांधाबांधानं घातली आन् पावनेसातला दूध उतरवलं. दुसऱ्या दिवशी महेंद्रनं मागं वजनाला दगड भरले, चाकांची हवा कमी केली. सातला पाच कमी. आप्पांनी घड्याळ बघितलं आन् मिशीतनं हसले.

तिसऱ्या दिवशी पहाटंपासनं धार लागलेली. महेंद्र दगडांबरोबर मागं, मी पुढं, गौतमी स्टेअरिंगला. चारी वस्त्यांचे कॅन भरले. शेवटच्या ओढ्याच्या चढाला जीप थांबली. मागचं चाक फिरायला लागलं, आन् फिरून फिरून खाली बसायला लागलं. गौतमीनं दांड्याकडं बघितलं. त्या खोट्या दांड्याकडं. मग ओढला बाईनं. खट झालं.

"आता?" ती म्हनली. कुनाला इचारत हुती, कुनास ठाऊक.

महेंद्र उतरून चाकाखाली दगड घालत हुता, दगड गिळले मातीनं. कपाशीच्या वाळल्या पळाट्या घातल्या, त्या गिळल्या. तो गुडघ्यावर बसला, त्या दोन बोटांच्या हातानं चिखल उपसायला लागला, जसं काय त्यात बोटं सापडनार हुती. गौतमी म्हनली, "असू द्या. पुरे झालं." तो उपसत ऱ्हायला.

मग मी खाली उतरले, कॅनावरची ताडपत्री अंगाला गुंडाळली आन् नऊवार लुगडं सोडून चाकाखाली घातलं. दौंडला नेसले हुते तेच, ठेवनीतलं. चाकानं ते धरलं, गरगर ओढलं, आन् जीप उडी मारून वर आली. हे खोटं वाटतंय न्हवं तुमाला? घरी या, लुगडं दाखवते. काठाला टायरची नक्षी हाय.

डेअरीवर पोचलो तवा साडेसात. कोंडिबाचा ट्रॅक्टर दारातच उभा. आप्पा बाहेर आले. ताडपत्रीतली म्हातारी त्यांनी वरनं खालपतूर बघितली.

वाटंत मी गोष्ट जुळवली हुती. बिबट्या. वाटंवर आडवा बसलेला, ढाण्या, शेपूट जीपच्या बॉनेटवर. आमच्या भागात बिबट्याला कुनी न्हाई म्हनत न्हाई. आप्पांनी नक्की एक दिस वाढवून दिला असता. मी तोंड उघडलं.

"आजी," गौतमी म्हनली, "नको."

आप्पांनी इचारलं, "काय झालं गं?"

"गाडी रुतली आप्पा. पुढची चाकं ओढत न्हाईत. फसवलं आमाला."

आप्पांनी कॅनाचं झाकन काढलं, वास घेतला. दूध घेतलं त्यांनी, फेकलं न्हाई. पन घड्याळाकडं बोट केलं. "खरं बोललीस, बरं वाटलं. पन दुधाला खऱ्या-खोट्याचं काय? ते येळंवर नासतं. औंदा कोंडिबा आनंल. चारी चाकं करून पुढच्या पावसाळ्याला ये, मग बघू."

गौतमी सोमवारी सणसवाडीला गेली. चार पोरींत एक खोली, खोकी बांधायच्या लाईनीवर बारा-बारा तास उभी. रविवारी सुट्टी मिळाली तर येती. पाय सुजलेले असत्यात. मी तेल लावून देते, ती लावू देती. बोलत न्हाई फार.

महेंद्र मातूर भिताडाकडं गेला न्हाई. रोज गाडीखाली असतो. त्या पेटीची चक्रं हुडकतोय, कुठं कुठं फोन लावतोय. आसपासची पोरं मोटरसायकली घेऊन येत्यात, त्याबी दुरुस्त करतो. पाना उजव्या हातात धरायला शिकलाय, उरलेल्या दोन बोटांत. पुढच्या पावसाला गौतमीला परत आनीन म्हनतो. जमंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. पाऊस लांब न्हाई आता.

गेल्या रविवारी तेल लावताना गौतमीनं इचारलं, "आजी, त्या दिवशी दांडा ओढला तवा तुमाला खरंच काय कळलं न्हाई?"

मी म्हनलं, "न्हाई गं बाई."

हितवर समदं खरं हाय. हळद खरी, लुगडं खरं, अंडी बाराच हुती. पन ते 'मला पटलं' म्हनले न्हवं का, तेवढं एक मी घातलंय पदरचं. दांडा हातात घेतला तवाच कळलं हुतं. रिकाम्या बादलीचा दोर जसा हलका वर येतो, तसा तो आला. मी सांगनार हुते. तोंड उघडलं हुतं. पन समोर महेंद्रचा हात खिशाबाहेर हुता, बॉनेटवर, पाचाच्या जागी दोन बोटं पसरून. मी बोलले असते तर तो परत आत गेला असता.

म्हनून मान हलवली.