नजमियेचा खांब

मी एक जुनी, गंजकी सळई आहे. मित्रांनो, माझं खालचं अर्धं अंग शहादे गवंड्याच्या घराच्या खांबात गाडलेलं आहे. वरचं अर्धं परवा-परवापर्यंत गच्चीवर उघडं होतं. लेबनॉनमधल्या सूर शहराजवळच्या आमच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत माझ्या बहिणी नाहीत अशी एकही गच्ची नाही. मुलगा मोठा झाला की बाप आमच्यावर खांब चढवून वरची खोली बांधतो, मगच सून घरात येते. बाजूला सरकायला इथे जागाच नाही. वाढायचं तर वर.

शहादेने मला मोडक्या घराच्या ढिगाऱ्यातून उचलून आणलं आणि ठोकून सरळ केलं. तेव्हा त्याचा सुहैल रांगत होता. "ही तुझी खोली बरं का," असं म्हणत शहादे त्याला कडेवर घेऊन मला दाखवायचा. मला केवढा अभिमान वाटायचा! पुढे माझ्यावर कपड्यांची दोरी आली, विजेच्या तारा लटकल्या आणि माझ्याकडे कुणी बघेना. सुहैलला दाढी आली तरी मी आपली उभीच.

मग सुहैलचं रुबाशी ठरलं. रुबाची आई इन्साफ तोंडाची फटकळ. "खोली नाही तर लग्न नाही. माझी पोर काय पाण्याच्या टाकीत संसार थाटणार?" छावणीत सिमेंट आणायला लष्कराची परवानगी लागते; ती मागायला शहादे फाटकावर गेला. शहरातल्या लोकांचे बंगले बांधून बांधून त्याच्या हाताला घट्टे पडलेत. फाटकावरचा अधिकारी म्हणाला, "तुम्ही तात्पुरते लोक. तुम्हाला पक्कं कशाला हवं?"

तात्पुरते! शहादेची आई नजमिये तंबूत जन्मली, तिचा नातू लग्नाला आला, आणि हे अजून तात्पुरतेच! तिलाही सीमेपलीकडच्या आपल्या गावी परत जायचंच होतं. पण जाईपर्यंत माणसाने पावसात भिजत बसायचं, हा कुठला न्याय?

त्याच आठवड्यात गल्लीतला एक म्हातारा वारला. त्याच्या कबरीसाठी सिमेंट मागितलं, तर लगेच सोडलं. वर अधिकारी हळहळलासुद्धा म्हणे! नजमिये तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती हसतच सुटली.

"म्हणजे मेल्यावर आपण पक्के! शहादे, नीट ऐक. माझ्यावर नुसती माती लोट. माझ्या नावाने येतील ती पोती वर आण."

"यम्मा, भलतंसलतं बोलू नकोस गं."

"भलतं मी बोलतेय, की तो फाटकावरचा मेला?"

ऑलिव्हची फळं झोडपून पाडायच्या दिवसांत नजमिये गेली. गल्ली इतकी अरुंद, की तिला नेतानाही उभं धरावं लागलं. कबरीसाठी तीन पोती आली. दफन उरकून शहादे पोत्यांपाशी आला खरा, पण त्याचा हातच उचलेना.

"आईच्या कबरीतलं चोरलं म्हणतील लोक," तो पुटपुटला.

सगळी गल्ली बघत होती. तेवढ्यात इन्साफ पुढे आली. तिने डोक्याचा रुमाल आवळला आणि एका पोत्याचं टोक धरलं. "बघताय काय नुसते? धरा की दुसरीकडून! म्हातारीचा शब्द आहे तो."

त्या सिमेंटात एकच खांब झाला, माझा. बाकीच्या तीन कोपऱ्यांत माझ्या बहिणींना लाकडी बल्ल्या बांधल्या आणि वर पत्रा टाकला. इन्साफने तेवढ्यावर लग्न लावून दिलं. पाऊस आला की रुबा खोलीभर भांडी मांडते.

लग्नात शेजारचा म्हातारा मिफ्लेह खांबावर हात थोपटत म्हणाला, "शहादे, दुसरा खांब माझा. वय झालंय, फार थांबायला नको." सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझं डोकंच फिरलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मला आता काही नको; मी झाकली गेले. पण माझ्या बहिणी अजून उघड्या आहेत, आणि मिफ्लेह रोज जिना चढून त्यांच्याकडे बघत बसतो. चांगला ठणठणीत आहे तो. त्याला जगू द्या. सिमेंट त्याच्या मरणाआधी सोडा.