मारुतीपुढचे अकरा जोर

मला व्यायाम आवडत नाही. शाळेत कवायतीच्या तासाला माझ्या पोटात दुखायचं, आणि ते खरोखरच दुखायचं. पुढे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी खात्यात नोकरी केली, तीही बसून. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि रोज फिरायला सांगितलं. उमाने, म्हणजे माझ्या बायकोने, उल्हासनगरला जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. ते घालून मी दाराबाहेर पडायचो आणि पहिल्या वळणावरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचो. बुटांचे तळवे वर्षभर नवेच राहिले, तेव्हा उमाने नाद सोडला.

"तुम्हाला तब्येतीसाठी उठवणं देवालाही जमायचं नाही," ती म्हणाली.

ती म्हणाली ते खरं होतं. मला उठवलं ते शरदचंद्राने.

बुवापाड्याजवळ आमच्या मंडळाची एक दुमजली इमारत आहे. खाली व्यायामशाळा, वर वाचनालय. जमीन हरिचंद्र नावाच्या एका शेतकऱ्याने दिली होती. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोरांनी खाली अंग कमवावं आणि वर डोकं, असं त्याच्या मनात होतं. कारखाने आले, तसे आमच्यासारखे ऑफिसर लोक मंडळात शिरले आणि बैठकांत तास तास बोलू लागले. हरिचंद्र वैतागला. त्याने दंडक घातला: बैठक वर्षातून एकदा, हनुमान जयंतीला, खालच्या मारुतीपुढे. आणि ज्याला बोलायचं असेल त्याने आधी अकरा जोर काढायचे. मारुतीपुढे जोर चालू असताना दुसऱ्या कोणी बोलायचं नाही की जागेवरून उठायचं नाही. त्या वर्षापासून ऑफिसर लोकांची भाषणं बंद पडली. हरिचंद्र गेला, तरी दंडक राहिला.

मत सगळ्या सभासदांना होतं, तोंड फक्त जोर काढणाऱ्यालाच. ठरावाविरुद्ध कोणी बोललंच नाही, तर हात वर करायची वेळही येत नसे. ठराव मंजूर.

वाचनालय मी सांभाळत होतो, फुकट. कोणी चांगलं म्हणावं म्हणून नव्हे. मला चार माणसांत बसलं की हातांचं काय करावं ते कळत नाही. वाचनालयात हातात पुस्तक असतं, एवढंच. खिडकीतून मलंगगड दिसायचा. दुपारी वसाहतीतल्या बायका कादंबऱ्या बदलायला यायच्या, संध्याकाळी परीक्षेची मुलं. कोणी मला काही विचारलं तर मी कपाटाकडे बोट दाखवायचो. माझ्यापुरतं तेवढं जग पुरेसं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर शरदचंद्र एक दिवस टेप घेऊन वर आला. तो मंडळाचा चिटणीस. चाळिशीचा, गोरा, मनगटात जाड कडं. व्यायाम मात्र नेमाने करायचा, हे मान्य केलं पाहिजे. त्याने खोलीची लांबी-रुंदी मोजली.

"काका, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आपला दोस्त आहे. मल्टीजिम बनवतो, एकदम फॉरेनसारखं. इथे फिट बसतंय बघा."

"आणि पुस्तकं?"

"खोक्यांत भरून पोटमाळ्यावर. आजकाल वाचतं कोण, काका? घरोघरी केबल आली."

"मी बैठकीत विरोध करीन," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो.

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाने मी पायलट होणार म्हटल्यावर हसतात तसा. "बोला की. अकरा जोर काढा आणि खुशाल बोला. तुम्ही अकरा जोर काढलेत ना, तर मशिनं आणायला बोलावलेला टेम्पो मी स्वतः परत पाठवीन." जाताना त्याने माझ्या दंडाला दोन बोटांनी धरून पाहिलं आणि म्हणाला, "जपून हां, काका."

पोटमाळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कारखान्यात पोटमाळ्यावर गेलेली कुठलीच वस्तू मी खाली आलेली पाहिली नव्हती. मी तालमीतल्या दोघा-तिघा पोरांना भेटलो. आमच्या वतीने तुम्ही बोला म्हटलं. ती कबूल होईनात. त्यांना मशिनं हवी होती, आणि ती का हवी असू नयेत?

घरी येऊन उमाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"बायकांना चालत असतं ना, तर मीच काढले असते," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही काढाल?"

"मला नाही वाटत."

"मलाही नाही वाटत," ती म्हणाली आणि उठून ट्रंकेतली जुनी सतरंजी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. प्रकृतीसाठी, दीर्घायुष्यासाठी, बायकोच्या शब्दासाठी जे कधी जमलं नाही, ते दंडावरच्या त्या दोन बोटांसाठी जमलं. घरी शेजारी बघतील म्हणून मी वाचनालयात जायचो. दोन कपाटांच्या मधे सतरंजी अंथरायची, दार आतून लावायचं. पहिल्या दिवशी एकही जोर निघाला नाही. खाली गेलो तो वर आलोच नाही. जमिनीला नाक लावून पडलो, समोरच्या कपाटातला खालचा कप्पा दिसत होता, आणि त्यात चरित्रांच्या मागे वाळवी लागल्याचं मला त्या दिवशी कळलं. म्हणजे अगदीच फुकट गेला नाही.

मला वाटलं होतं, आठवड्याभरात गोडी लागेल. लोक तसं सांगतात. लागली नाही. रोज पहाटे अंथरुणात मी न जाण्याची कारणं शोधायचो आणि मला चांगली कारणं सापडायचीही. मग शरदचंद्राचं हसणं आठवायचं आणि पाय आपोआप जमिनीवर यायचे. एखाद्याचा इतका राग रोज उगाळावा का, असं मनात यायचं. पण दुसरं काही माझ्या उपयोगी पडत नव्हतं.

एकदा मी असाच धपकन पडलो असताना दारावर थाप पडली. खालचा वस्ताद भीमराव होता. रात्रपाळी करून तो तसाच तालमीत यायचा.

"काका, वर काय पाडताय? खाली मारुतीवर माती पडतेय."

मी दार उघडलं. घामेजलेली बंडी, सतरंजी, चष्मा डोक्यावर. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने मला एक जोर काढून दाखवायला लावलं. मी काढला.

"हा जोर नाही," तो म्हणाला. "ही पाल पडली भिंतीवरून."

"तुम्ही शिकवाल?"

"मी सरळ सांगतो, काका. माझं मत शरदशेटला. मशिनं आली पाहिजेत. पण माझ्या मारुतीपुढे कोणी वाकडे जोर काढलेले मला चालायचे नाहीत. ढुंगण खाली करा."

तो वाईट शिक्षक होता. सांगायचा कमी, ओरडायचा जास्त. कोपर चुकलं की झाडूच्या काठीने टोचायचा. मला घटोत्कच म्हणायचा, आणि थंडीतल्या एका सकाळी लागोपाठ पाच जोर निघाले तेव्हा "बरं" म्हणाला. तेवढं एकदाच. होळीपर्यंत आठ झाले. गुढीपाडव्याला नऊ. नवाच्या पुढे हात गळायचे, रोज, त्याच जागी. डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"दोन कमी आहेत," मी म्हणालो.

"मला मोजता येतं," भीमराव म्हणाला.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मी उमाला म्हटलं, उद्या फजिती होणार. ती म्हणाली, "होऊ दे. घरी परत यायचंच आहे." आणि माझी बंडी धुऊन वाळत घातली.

सूर्योदयाला जन्म झाला, सुंठवडा वाटला. खाली सतरंज्या अंथरल्या होत्या. तालमीतली पोरं एका बाजूला, वसाहतीतले लोक दुसऱ्या बाजूला, आणि मधे भिंतीला टेकून हरिचंद्राची बायको ठमाबाई. वय खूप झालेलं, पण या दिवशी ती येणारच. तिच्या भावकीतले सगळे तिच्यामागे बसायचे. बाहेर टेम्पो उभा होता. शरदचंद्राने तो आधीच बोलावून ठेवला होता. बैठक झाली की पुस्तकं पोटमाळ्यावर टाकायची आणि लगेच टेम्पोतून मशिनं आणायची, असा त्याचा बेत.

त्याने झटपट अकरा जोर काढले, उठला, ठराव वाचला. "विरोधात कोणाला बोलायचंय?" असं विचारताना तो कागदाची घडी घालतही होता.

मी उभा राहिलो. सदरा काढला. मागे कोणीतरी खुसखुसलं. माझ्या फासळ्या मोजता येतात, मला माहीत आहे. चष्मा मारुतीच्या पायाशी ठेवला आणि ओणवा झालो.

सहा बरे गेले. सातवा कसाबसा. आठव्याला खाली गेलो आणि तिथेच राहिलो. नऊसुद्धा नाहीत. गाल सतरंजीवर, तोंडात धूळ, कानात रक्ताचे ठोके.

"झालं," शरदचंद्र म्हणाला. "उठवा रे काकांना. कोणीतरी पाणी आणा."

"हात लावायचा नाही," भीमरावचा आवाज आला. "जोर चालू आहेत."

"कुठे चालू आहेत? पडलेत ते."

"खाली गेलेत. वर यायचेत. उठलेत का? नाही ना. मग चालू आहेत."

शरदचंद्र काही बोलायला गेला, तेवढ्यात ठमाबाई म्हणाली, "गप बस रं शरद. त्यांचं झाल्यावर बोल. दम घ्या भाऊ. आमाला घाई नाय."

आणि मग कोणी बोललं नाही. मला हे सुचलेलं नव्हतं. हरिचंद्राने अकरा म्हटलं होतं, किती वेळात ते म्हटलं नव्हतं. आजवर कोणी थांबलं नव्हतं म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी तसाच पडून राहिलो. पंखा कुरकुरत होता. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग इंजिन बंद केलं. कोणाचं तरी पोट वाजलं. एवढी माणसं एका खोलीत आणि इतकी शांतता, अशी मी फक्त वरच्या मजल्यावर अनुभवली होती. तिथे मला भीती वाटत नाही. हळूहळू ठोके उतरले. मी हात सरळ केले आणि वर आलो.

आठ.

पुन्हा खाली. पुन्हा बराच वेळ. ज्यांना पाळीला जायचं होतं ते चुळबुळत होते, पण उठता येत नव्हतं. शरदचंद्र मांडीवर बोटं वाजवत होता. मला त्याची बोटं दिसत होती, आणि त्यांच्याकडे बघत मी नववा काढला. दहावा वाकडा गेला. भीमरावने घसा खाकरला, मी तो पुन्हा काढला. अकराव्याला दंड थरथरत होते, कोपरं फाकत होती, आणि मला स्वच्छ आठवतं, मनात मारुती नव्हता, पुस्तकंही नव्हती. फक्त दंडावरची ती दोन बोटं होती.

उठून उभा राहिलो. चष्मा सापडेना, तो एका पोराने हातात दिला. मी तीन पानांचं भाषण पाठ केलं होतं. हरिचंद्राचं स्वप्न, वाचनाचं महत्त्व, शेवटी एक संस्कृत श्लोकही होता. त्यातला एक शब्द आठवेना.

"खोली हलणार नाही," मी म्हणालो. श्वास घेतला. "मशिनं आणा. मागच्या पडवीला पत्रे घाला, तिथे ठेवा. वरची खोली द्यायची नाही."

आवाज या वेळी सगळ्यांना ऐकू गेला. मलाही.

हात वर करायची वेळ आली. भीमरावने शब्द पाळला, त्याचा हात शरदचंद्राच्या बाजूने वर गेला. तालमीतल्या बऱ्याच पोरांचेही गेले. मग विरोधातले हात मागितले. ठमाबाईने आपला बारीक, सुरकुतलेला हात वर केला आणि मागे वळून भावकीकडे पाहिलं. मग वसाहतीतले हात वर झाले, कधी वाचनालयाची पायरी न चढलेल्यांचेसुद्धा. मोजावं लागलं नाही.

शरदचंद्र बाहेर गेला. त्याने टेम्पो परत पाठवला, स्वतः. आत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, पुन्हा दंड धरतो की काय. धरला नाही.

"पुढच्या वर्षी बघू, काका," तो म्हणाला.

"बघा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंग लाकडासारखं झालं होतं. न जाण्याची कारणं होती, नेहमीपेक्षा जास्त होती. मी उठून सतरंजी शोधू लागलो. उमा जागी झाली.

"आता कशाला? झाली ना बैठक?"

"तो पुढच्या वर्षी बघू म्हणालाय."

"मग?"

"पुढच्या वर्षी मधे न थांबता काढीन."

तिने उशीखालून हात काढून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सतरंजी तिथे होती, गुंडाळून ठेवलेली. मी ती काखेत मारली आणि निघालो. व्यायामाचा मला तेव्हाही कंटाळा होता, रस्ताभर होता, आणि ओणवा झालो तेव्हा सर्वांत जास्त होता. कंटाळा असताना मी एक जोर काढला, मग दुसरा.