सात नंबर

"मामा, हा सात नंबर माझ्या मुळावर उठलाय बघा!" संशोधक बाईंनी संगणकाचा पडदा मामांकडे वळवला.

मामा म्हणजे उंदरांच्या खोलीचे सर्वेसर्वा. पिंजरे धुणं, दाणापाणी आणि गेले तीन आठवडे रोज बाराही उंदरांना एकेक करून गुंगी देऊन त्यांचा उजवा पाय यंत्रात धरणं. चाळीस दाब, मग रजिस्टरात खूण. डावा पाय तसाच सोडायचा. भार पडल्यावर हाडाच्या आतली जाळी दाट होते का, एवढंच बाईंना बघायचं होतं.

अकरा उंदरांच्या उजव्या हाडात जाळी छान भरली होती. सातचे दोन्ही पाय सारखेच विरळ.

"सर म्हणतात, यंत्रातच खोट असणार, सगळं पहिल्यापासून करा. माझी मुदत महिन्यात संपतेय हो! दोन वर्षं पाण्यात."

मामांना खरं ठाऊक होतं. यंत्र बिचारं निर्दोष होतं. पाचव्या दिवशी सातचा पंजा सुजला होता. सांगावं, तर आजारी उंदीर कायमचाच संपवतात. आणि हा लबाड तर मामांच्या बाहीत शिरून बसायचा! आज राहू दे, उद्या बघू, असं करत सूज उतरल्यावरही मामा त्याला वगळतच राहिले. खूण मात्र रोज केली.

गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरलेले, अठ्ठावीस वर्षांत एक डाग नाही. पण समोर ही पोर डोळे पुसत होती, ते मामांना बघवेना.

"यंत्राला दोष देऊ नका, बाई. सातला मी यंत्रात घातलाच नाही. खोट्या खुणा केल्या."

"आणि बाकीचे अकरा?"

"एक दिवस चुकला नाही. माझ्या शब्दावर जाऊ नका, यंत्र दाब मोजून ठेवतं, ती मोजणी बघा."

बाईंनी बघितली. पाचव्या दिवसापासून रोज अकराच उंदरांचे दाब भरत होते.

"डोळे मिटून विश्वास ठेवला होता तुमच्यावर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वही ओढली. "सात बाद. 'कर्मचाऱ्याची चूक' एवढंच लिहिते."

"नाव घाला माझं. इथं आणखी दोघं काम करतात, त्यांच्यावर संशय नको."

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. त्या ओशाळल्या.

"मामा, तुमचं नाव काय?"

मामांनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, काना-मात्रेसकट, सावकाश सांगितलं.