नाण्याच्या मागचं नाव

काशाची नाणी पाडायची हौस गावाची आणि खर्च एका माणसाचा, ही आमच्याकडची रीत. नाण्यावर समोर रोमचा सम्राट, मागे खर्च करणाऱ्याचं नाव. आमच्या ह्यांना, म्हणजे पापियासना, मूलबाळ नाही. "नाव तरी मागे राहील," म्हणाले, आणि माझ्या माहेरची ऑलिव्हची बाग विकून मोकळे झाले. नाणी पडली तेव्हा बाजारभर दाखवत हिंडले. सगळ्यांना मागचीच बाजू दाखवायचे.

वर्ष सरलं नाही तोच त्या सम्राटाला त्याच्याच शिपायांनी मारलं. नवा आला आणि हुकूम निघाला, मेलेल्याचं तोंड प्रत्येक नाण्यावरून उडवा. शेजारच्या गावात तर नाणी पाडणाऱ्यालाच बेड्या घालून नेलं. आमच्या नाण्यांच्या मागे तर ह्यांचं नाव ठसठशीत!

टाकसाळीत ऐरणीवर छिन्नीचे घाव सुरू झाले. हे स्वतः हातोडा घेऊन बसले, निष्ठा दिसायला नको? पण समोर घाव बसला की मागची बाजू ऐरणीवर चेपते. सम्राटाचं नाक गेलं, त्याबरोबर ह्यांचं नावही सपाट.

"त्रिफेना, अगं, मी पुसला गेलो गं!" हे ढसाढसा रडायला लागले.

"देव पावला म्हणा," मी म्हटलं. "आणखी जोरात हाणा."

मला खरंच आनंद झाला होता. बाग गेली ती गेली, नवरा तरी वाचत होता.

मग सुभेदाराचा माणूस तपासणीला आला. भर चौकात त्यानं एक नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"कुणी पाडली ही?"

गावची सभा आभाळाकडे बघायला लागली. नाणी पाडायचा ठराव सगळ्यांचाच होता ना! मी ह्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

"कुणालाच माहीत नाही?" त्यानं नाणं टोपलीत फेकलं. "जाऊ दे. असेल कुणीतरी फुटकळ माणूस. चला रे, घोडी काढा."

माझ्या हातातून हात सुटला.

"फुटकळ?" हे ओरडले. "ओ साहेब, इकडे बघा! पापियास म्हणतात मला, ग्लिकोनचा मुलगा! बाग विकून पाडलीत ही नाणी!"

साहेब परत आला. त्यानं सावकाश नाव लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून वाचूनही दाखवलं.

"अगदी बरोबर," हे म्हणाले. इतका खुललेला चेहरा मी ह्यांचा लग्नातही पाहिला नव्हता.