पुलावरचा चार सेकंदांचा आज्जा

माझ्या आज्जाचा एकही फोटो नाही, शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन आटपाडीकडून निघायचा, चालत चालत साताऱ्यापर्यंत जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. अशा माणसाचं नाव कुठल्या दप्तरात असणार? आणि मला तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सिद्ध करायचं होतं, की हा माणूस १९६१ च्या आधी याच मुलखात होता आणि धनगरच होता. तरच जात पडताळणीचा दाखला मिळणार आणि तरच मिरजेच्या मेडिकल कॉलेजातली माझी जागा राहणार. नाहीतर दोन वर्षं डोळे फोडून केलेला अभ्यास पाण्यात.

आज्जा होता फक्त एका सिनेमात. सिनेमाचं नाव मी सांगणार नाही, मला त्याचा राग आहे. काळापांढरा, साठ सालचा, लोक अजून कौतुकानं बघतात. नायिका सांगलीच्या पुलावरून टांग्यातून निघते, मेंढरं आडवी येतात आणि खांद्यावर घोंगडं घेतलेला एक मेंढका काठी टेकून उभा दिसतो. चार सेकंद. तो आमचा आज्जा, अमृत. माझे वडील तीन वर्षांचे असताना आज्जा तापानं गेला. पुढं जत्रेतल्या तंबूत हा सिनेमा लागला तेव्हा सगळ्या भावकीनं पडद्याकडे बोट दाखवून आजीला विचारलं, "ह्योच न्हवं आपला अमृत?" आजीनं लाजून तोंडावर पदर घेतला. तेव्हापासून तो मेंढका आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवासारखा आहे.

सोमवारी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेच साताऱ्याच्या जात पडताळणी कार्यालयातल्या साहेबांना सांगितलं. मोबाईलवर सीनसुद्धा दाखवला. साहेबांच्या टेबलावर फायलींचा डोंगर, बाहेर माझ्यासारख्या चाळीस पोरी. साहेब म्हणाले, "अहो, हा पूल सांगलीचाच कशावरून? तिथं जाऊन आधी ते तरी सिद्ध करा."

आप्पा साताऱ्याच्या एमआयडीसीत सोळा वर्षं मशीनवर आहेत. वरच्यानं सांगितलं की करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणाले, "व्हय साहेब, करतो."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. आप्पा, मी, चौऱ्याऐंशी वर्षांची आजी तानुबाई आणि गाडी चालवायला चुलतभाऊ पप्पूदादा. मी सिनेमातले सीन थांबवून एकेक फोटो काढून ठेवला होता. आधी साताऱ्यातलं तळं, कारण तिथंही नायिकेच्या मागून आमची मेंढरं जातात. तळ्याभोवती आता घरंच घरं. मी फोटो धरून अर्धा तास गोल फिरले. एक बाई गॅलरीतून ओरडली, "काय शोधताय?" सांगणार काय, आज्जा? शेवटी आजीनंच माझा दंड धरून मला दोन घरांच्या मधल्या बोळात उभं केलं. "आता वर बघ." वर अजिंक्यतारा होता, फोटोतल्यासारखाच, तटाच्या रेघेसकट. मला रडू फुटलं. आप्पांनी पटापट दहा फोटो काढले.

"मेंढरास्नी हितं पाणी पाजलं हुतं," आजी म्हणाली. "शिनेमावालं म्हनलं, आमच्यासंगं सांगलीला चला. आमी गेलो चालत."

आम्ही गाडीनं गेलो. सांगलीत पोचायला दुपार झाली. कृष्णेवरचा तो जुना पूल जागच्या जागी आहे, शेजारी नवा झालाय. कठडा, कमानी, वळण, सगळं फोटोशी जुळलं. मी पप्पूदादाला मिठीच मारली. साठ सालचा पूल आणि आजचा पूल शेजारी शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळेल. मनात म्हटलं, आता साहेबांनी नाही म्हणूनच दाखवावं!

आप्पांना काय उत्साह आला! म्हणाले, "आये, माजा बा हुबा हुता तितं हुबी ऱ्हा. तुजाबी फोटो काढतो."

आजी चालायला लागली. कठड्याजवळ, मेंढक्याच्या जागी आली आणि पुढं गेली. पुढं, अजून पुढं, चांगली वीस पावलं. पुलाचा जो भाग फोटोत येतच नाही तिथं जाऊन उभी राहिली.

"तितं न्हाई गं, हितं!" आप्पा ओरडले.

"ते तितं न्हवतं," आजी म्हणाली. "ते हितं हुतं."

मागून गाड्या हॉर्न देत होत्या. मी पळत तिच्याकडे गेले. "म्हणजे? मग हा कोण?"

"त्यांचाच मानूस. शिनेमातला." ती सावकाश सांगत होती, जणू दूध नासल्याची गोष्ट. "ह्यांचं घोंगडं आन् पटका काडून घेतला, त्या मानसाला घातला. पर मेंढरं त्याचं ऐकत्यात व्हय? मग ह्यांना हितं हुबं केलं, हाळी द्याला. म्या कडंला भाकरीचं गठूळं घिऊन बसले हुते."

मी फोटो पुन्हा बघितला. शंभर वेळा बघितलेला. सगळ्या मेंढरांची तोंडं एकाच बाजूला होती, घोंगडंवाल्याकडे पाठ करून. ती आज्जाकडे बघत होती. आम्ही कुणीच कधी मेंढरांकडे बघितलं नव्हतं.

"मग तंबूत का नाही सांगितलंस?" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा खरवडला.

"मालकाचा विषय चारचौघांत मी कशी बोलू? समद्यांनी बोट दावलं, म्या पदर घेतला." मग जरा थांबून म्हणाली, "घोंगडं त्येंचंच हुतं गं. कोपऱ्याला मी दोरा भरल्याला. म्या घोंगडं बघत हुते."

आप्पा कठड्याला टेकून खाली बसले. पंचेचाळीस वर्षं ज्याला बाप म्हणून बघितलं, तो कुठल्यातरी कंपनीचा नट निघाला. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोक्यात फक्त उद्याचे पाच वाजलेले होते.

"आजी," मी म्हणाले, "उद्या साहेबांनी विचारलं, तर हाच आज्जा म्हणायचं."

"परक्या मानसाला?"

"हो."

"आन् नाव?"

"नावही घ्यावं लागेल."

तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पा नदीकडे बघत होते. आजीनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी तिनं शेजारणीला घ्यायला लावलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी म्हणाले.

त्या रात्री आम्ही सांगलीतच पप्पूदादाच्या मावशीकडे राहिलो. सकाळी साताऱ्याला परतून कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. आजीनं अंगठा दिला आणि तो पदराला पुसत बसली. शाई कधीच निघाली होती, तरी पुसत होती.

आमचा नंबर लागला तेव्हा चार वाजून गेले होते. मी फोटो मांडले. तळं, किल्ला, पूल, तेव्हाचा आणि आताचा. साहेब काही बोलायच्या आतच मी म्हणाले, "आणि ही माझी आजी. ती स्वतः सांगेल."

टेबलाशेजारच्या कारकुनानं मोबाईल आजीपुढे धरला. "आजी, हे कोण?"

आजीनं त्या नटाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "माजं मालक."

"नाव सांगा."

पंख्याचा आवाज येत होता. तिच्या मानेची शीर उडताना मला दिसली. थांबवायचं असतं तर तेव्हा थांबवता आलं असतं.

"अमृत," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोला, ऐकू नाही आलं."

"अमृत!" तिचा आवाज फाटला. बाहेरच्या बाकावरच्या पोरींनी माना वळवल्या.

साहेबांनी चष्मा काढला. फोटोंकडे बघितलं, मग आप्पांकडे. "अहो, सिनेमातला माणूस पुरावा नाही होत. मला जुनी नोंद लागते. त्या दिवशी मी वैतागून बोललो होतो." आणि मग हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच गेलात?"

"तुमीच म्हनला हुता की साहेब," आप्पा म्हणाले.

साहेबांनी फाइल बंद करून आमच्याकडे सरकवली. कारकुनानं पुढचं नाव पुकारलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. आप्पा जिन्याच्या तोंडाशीच थांबले, त्यांना पायरी दिसेना. आजीला साहेबांचं पुस्तकी बोलणं कळलं नव्हतं. ती माझ्या हाताला धरून चालत होती.

"झालं न्हवं पोरी तुजं काम?"

तोंडावर खरं बोलायचं म्हटलं की मी आयुष्यात कुणाला सोडलेलं नाही. मास्तरांना नाही, आप्पांना नाही. त्या वेळी मी फाइल काखेत धरली आणि तिचा पदर नीट केला.

"झालं, आजी."

"मग माजं मालक समजून घेत्याल," ती म्हणाली.