वंशवृक्षातली अननोन

माझ्या नातवाच्या, यशच्या, पहिल्या वाढदिवसाला विहीणबाईंनी, म्हणजे कॅरलने, वंशवृक्ष आणला. चांगला दाराएवढा कागद. माझ्या मुलीने, उर्वीने, तो आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनच्या घरात हॉलच्या भिंतीवर चिकटवला आणि मी चष्मा लावून पुढे झाले.

कॅरलला हे वेडच आहे. रिटायर झाल्यापासून ती जुन्या दफनभूमी पालथ्या घालते, चर्चमधल्या नोंदी चाळते. तिच्या सासरचा पहिला माणूस सतराव्या शतकात बोटीने मॅसॅच्युसेट्सला उतरला, तो लाकडी पिंपं बनवायच्या धंद्यातला म्हणून आडनाव कूपर, हे तिने मला मुलांच्या लग्नाच्या जेवणातच ऐकवलं होतं. डावीकडे ते सगळे कूपर दाटीवाटीने बसले होते, बायकांसकट. उजवीकडे आमचे केळशीकर, थेट मूळपुरुषापासून. आणि खाली माझी चौकट. नीला केळशीकर. आई: अननोन. वडील: अननोन.

माझं डोकंच फिरलं. मी काय रस्त्यावर सापडले होते? पस्तीस वर्षं या देशात हॉस्पिटलात लोकांची बाळंतपणं केली, दर थँक्सगिव्हिंगला या बाईच्या शेजारी बसून जेवले, आणि हिला मला एक फोन करता आला नाही?

"कॅरल, माझ्या आईवडिलांना नावं होती," मी इंग्रजीत म्हणाले. आवाज चढला होता. चढू दे.

ती गडबडली. "मी चंद्रशेखरना दोनदा विचारलं, नीला. त्यांनी तुमच्या घराण्याचं पुस्तक पाठवलं. म्हणाले, यात सगळं आहे. मला स्वतःला अननोन बघवत नाही गं. कूपरांच्या एका सुनेचं माहेर शोधायला मला चार वर्षं लागली."

मी वळले. आमचे हे केकची सुरी पुसत उभे होते.

"अहो, काय पाठवलंत तिला?"

"कुलवृत्तांत. झेरॉक्स करून," हे म्हणाले. "अगं, कुलवृत्तांतात सुनांचं माहेर कुठे असतं? तुझं नाव आहे की."

"तेही माझं नाही."

"नीला, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

तमाशा! मी कॅरलच्या हातातलं पेन ओढून घेतलं, 'नीला'वर काट मारली आणि वर लिहिलं, सुमित्रा.

"आई, हू इज सुमित्रा?" उर्वीने विचारलं.

पोटच्या पोरीने विचारलं. तिला तरी कळणार कुठून? माहेरी सगळे मला ताई म्हणायचे. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'नीला' लिहिलं, आणि पासपोर्टही त्याच नावाने निघाला. मला यांचा राग आला, त्या तांदळाचा आला, आणि तेव्हा पेढे वाटत हसत फिरणाऱ्या माझा सगळ्यात जास्त आला.

"मी," मी म्हणाले. "मी आहे सुमित्रा."

कॅरलने खुर्ची जवळ ओढली. "आणि तुझ्या आईचं नाव? लग्नाआधीचं?"

वडिलांचं नाव मी झरझर लिहिलं. आईचं 'रमा' लिहायला गेले आणि हात थांबला. रमा तर तिचं सासरचं. मी पेन हातात धरूनच नागपूरला मोहनमामाला फोन लावला. मामा आईचा शेंडेफळ भाऊ. ती सासरी गेली तेव्हा हा पाळण्यात होता. पण तिच्या माहेरचं आता तेवढंच माणूस उरलंय.

"मामा, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

मागे टीव्ही चालू होता.

"अगं, आम्ही तिला अक्काच म्हणायचो," तो म्हणाला. "आता विचारायचं तरी कोणाला?"

मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मिळालं का नाव?" यांनी विचारलं.

फोनवर बोलता बोलता आईपुढचा 'अननोन' मी गिरवून गिरवून पार काळा केला होता. मी पेन यांच्यापुढे धरलं.

"नाही मिळालं. आता तिथे अननोन तुम्ही लिहा. तांदळात लिहिलं होतंत तसं, स्वतःच्या हाताने."